मोटारीचा दोर घेताना नुसतं ‘नायलॉन द्या’ म्हणू नका

पाथरी : एप्रिल उजाडला की तालुक्यातल्या हार्डवेअरच्या दुकानांत एकच बोलणं दिवसातून दहा वेळा ऐकू येतं.

"दादा, मोटार सोडायला नायलॉनचा दोर द्या."

"किती फूट, मामा?"

"दोनशे. पण मजबूत द्या."

दुकानदार बंडलावरून हिरवा नाहीतर पिवळा दोर मोजतो, काट्यावर टाकतो, पैसे होतात आणि दोर गाडीच्या हँडलला अडकतो. या सगळ्या व्यवहारात नायलॉन हा शब्द आला, पण नायलॉन काही आलं नाही. आपल्याकडं प्लास्टिकच्या कोणत्याही दोराला नायलॉनच म्हणायची सवय आहे. त्यातला बहुतेक माल पॉलिप्रोपिलीन, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘पीपी’, नाहीतर एचडीपीई असतो. खरं नायलॉन वेगळं आणि पॉलिस्टर आणखी वेगळं. चारही दोर वरून सारखेच चकाकतात. फरक कळतो तो बोअरमध्ये मोटार लटकल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

दोर तुटून मोटार बोअरमध्ये पडली तर नुकसान फक्त मोटारीचं होत नाही. पाइप, केबल, काढणाऱ्यांची मजुरी, आणि मोटार आडवी फसून निघालीच नाही तर बोअरसुद्धा जातो. ऐन मे महिन्यात ऊस नाहीतर मोसंबी पाण्यावर आली असताना हे झालं तर पुढचं सांगायला नको. हजारोंच्या मोटारीखाली दोर मात्र सगळ्यात स्वस्त बघून घेतला जातो.

अंबाडी गेली, प्लास्टिक आलं

मोटेच्या काळात दोराची पारख घरोघरी होती. जाड नाडा मोट वर ओढायचा, बारीक सोंदूर मोटेची सोंड सांभाळायचा. बांधाला अंबाडी असायची, ती पाण्यात भिजत घालून वाख काढायचा आणि मातंग समाजातले कारागीर त्याचे दोर वळून द्यायचे. पोळ्याला नवं दावं, नवा कासरा त्यांच्याच हातचा. कोणता दोर कुठं चालेल हे वळणाऱ्याला माहीत आणि वापरणाऱ्यालाही. वाखाचा दोर पाण्यात कुजायचा, उंदीर कुरतडायचे, पण तो कुजलाय हे हाताला आणि नाकाला कळायचं. प्लास्टिकच्या दोराचं तसं नाही. तो कुजत नाही म्हणून कायमचा आहे असं वाटतं आणि तो बदलायचा असतो हेच लक्षात राहत नाही. वळणारा कारखाना कुठं आहे तेही माहीत नाही, त्यामुळं विचारायचं कुणाला हाही प्रश्नच.

दोरावर खरं वजन किती

आधी हिशोब बघू. दोनशे फुटांवर सोडलेली तीन एचपीची चार इंची मोटार पंपासकट साधारण ३५ ते ४० किलोची भरते. शेतकरी एवढंच वजन धरतो. पण तिच्यावर दोनशे फूट पाइप आहे. बाहेरून ५० मिलिमीटरचा जाड एचडीपीई पाइप धरला तर त्याचं वजन ४० किलोच्या आसपास जातं. केबल दहा-पंधरा किलो. आणि पाइपात उभं राहिलेलं पाणी? मीटरमागं सव्वा लिटरपेक्षा थोडं जास्त, म्हणजे दोनशे फुटांत ८० लिटर, म्हणजे ८० किलो. सगळं मिळून १७० ते १७५ किलो झालं. मोटारीच्या चौपट.

यात एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पाइपातलं जे पाणी बोअरच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, त्याचा भार दोरावर येत नाही, कारण बाहेर तितकंच पाणी आहे. पातळीच्या वर उभ्या असलेल्या पाण्याचाच भार येतो. पावसाळ्यात पाणी पन्नास फुटांवर असतं तेव्हा दोर निवांत असतो. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की तोच दोर पाइपातलं जवळपास सगळं पाणी पेलतो. म्हणजे ऊन सगळ्यात जास्त, वजन सगळ्यात जास्त आणि मोटार पडली तर नुकसानही सगळ्यात जास्त, हे तिन्ही एकाच महिन्यात येतं. दोर उन्हाळ्यातच का तुटतात याचं अर्धं उत्तर इथं आहे.

त्यात झटका. लाईट आली की मोटार एकदम वेग घेते आणि उलट बाजूला पीळ मारते. लाईट गेली की परत सैल. आठ तासांच्या लाईटमध्ये चार वेळा ये-जा झाली तर चार झटके. सौर पंपाला कंट्रोलर असल्यानं मोटार हळूहळू वेग घेते, तिथं हा त्रास कमी. पण ढग आले-गेले की तिथंही चढउतार होतोच.

ताणणारा आणि न ताणणारा

आता मूळ मुद्दा. दोर किती वजनाला तुटतो हे सगळे विचारतात. तो किती ताणतो हे कुणी विचारत नाही. मोटारीच्या कामात दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोठा आहे.

खरं नायलॉन ताकदीला या सगळ्यांत सरस. चांगल्या प्रतीचा तीन पदरी १२ मिलिमीटरचा नवा दोर तीन टनांच्या आसपास तुटतो. पण तो रबरासारखा ताणतो, आणि पाणी पितो. ओला झाला की ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. सारखा पाण्यात राहून तो आखडतो, कडकही होतो. पॉलिस्टर त्याच जाडीत सव्वादोन टनांचं, पण ताण कमी, ओलं झालं तरी ताकद तीच, आणि उन्हालाही टिकतं. पीपी दोन टनांच्या आसपास, वजनाला हलकं, भावाला स्वस्त. मात्र त्याला दोन खोडी आहेत. ऊन त्याला खातं, आणि कायम वजन लटकवून ठेवलं तर ते हळूहळू लांबत जातं. आज ताणून बांधलेला दोर सहा महिन्यांनी सैल दिसतो, तो गाठ सुटल्यामुळं नव्हे, तर दोरच लांबल्यामुळं. एचडीपीईचंही तेच, वर तो गुळगुळीत, त्याला गाठ धरत नाही.

दोर लांबला तर बिघडलं कुठं? बोअरमध्ये वजन पाइप आणि दोर मिळून पेलतात. दोर लांबला की त्याच्या वाट्याचं वजन गुपचूप पाइपावर आणि त्याच्या जोडावर जातं. जोड सुटला की मोटार फूट-दीड फूट खाली येऊन सैल दोरावर आदळते. १७० किलो लटकणं वेगळं आणि १७० किलो आदळणं वेगळं. आदळताना दोराला कित्येक पट झटका बसतो. दोर तुटला असं सगळे म्हणतात, पण सुरुवात सैल पडण्यापासून झालेली असते.

समुद्रावर हाच प्रश्न शिडाच्या होड्यांना पडतो. डोलकाठीवरून शीड वर ओढून धरणारा जो दोर, त्याला हॅलयार्ड म्हणतात. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ ही नौका अनेकांनी टीव्हीवर बघितली असेल. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. अशा नौकेचं शीड दिवसच्या दिवस वाऱ्यात ताणलेलं राहतं. त्याचा दोर थोडा जरी लांबला तरी शीड ढिलं पडतं, वाऱ्याची धरलेली पकड जाते. म्हणून ताकद जास्त असूनही तिथं नायलॉन लावत नाहीत. पॉलिस्टर लावतात, किंवा पैसे असतील तर डायनीमा नावाचा धागा, जो त्याच जाडीत पॉलिस्टरच्या कितीतरी पट ताकदीचा आणि जवळपास न ताणणारा असतो. नायलॉन त्याच होडीवर नांगराला लावतात, कारण लाटेचा हिसका बसला की तिथं ताणणाराच दोर पाहिजे.

डायनीमा आपल्या बोअरला परवडायचा नाही आणि त्याची गरजही नाही. तो इतका गुळगुळीत असतो की साधी गाठ त्याला धरत नाही. पण होडीवाल्यांचा विचार उचलण्यासारखा आहे. वर ओढून कायम धरून ठेवायचं असेल तर कमी ताणणारा दोर, हिसका सोसायचा असेल तर ताणणारा.

पाथरी तालुक्यात वर ओढून धरून ठेवायचं काम फक्त बोअरवर नाही. पैठणच्या नाथसागरातून येणारा जायकवाडीचा डावा कालवा या भागातून जातो, गोदावरीवर ढालेगावसारखे बंधारे आहेत. कालव्याला आवर्तन सुटलं की जवळच्या विहिरींचं पाणी चढतं, बंद झालं की उतरतं. मग मोटार दहा फूट वर घ्या, पुन्हा दहा फूट खाली सोडा, हे वर्षातून अनेकदा होतं. दोर कप्पीवरून सारखा पळतो, त्याच त्या जागी घासतो. अशा विहिरीला पीपीचा साधा दोर दोन उन्हाळे काढतो म्हणायलाही धाडस लागतं.

बादली, काटा आणि काडेपेटी

दुकानात उभं राहून पारख करता येते. दोराचा वीतभर तुकडा मागून घ्यावा, पदर मोकळे करावेत, पाण्याच्या बादलीत बुडवून आतली हवा पिळून काढावी आणि सोडून द्यावा. तरंगला तर पीपी किंवा एचडीपीई. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. यात सहसा चूक होत नाही, कारण पीपी आणि एचडीपीई पाण्यापेक्षा हलके आहेत, बाकीचे दोन जड. ‘प्युअर नायलॉन’ म्हणून दिलेला दोर बादलीत तरंगताना बघितला की दुकानदारही हसतो. त्याची तरी काय चूक, वरून येणाऱ्या बिलावरही कधी कधी तेच लिहिलेलं असतं.

बुडालेला दोर कोणता हे काडी लावून कळतं. हे दुकानाबाहेर, मोकळ्यावर करावं आणि वितळलेला थेंब हातावर पडू देऊ नये, तो चिकटतो आणि कातडी घेऊन निघतो. पॉलिस्टर जळताना काळा, काजळीचा धूर सोडतं. नायलॉनचा धूर पांढुरका आणि ज्योत लांब नेली की ते बहुधा आपोआप विझतं. पीपी आणि एचडीपीईचा वास विझवलेल्या मेणबत्तीसारखा येतो आणि ते जळतं थेंब थेंब गळत.

तिसरी पारख काट्यावरची, आणि ती पैशाशी जोडलेली आहे. दोर किलोवर विकतात आणि आपण फुटावर वापरतो. चांगल्या प्रतीचा १२ मिलिमीटरचा तीन पदरी दोर शंभर मीटरला पीपीचा साडेसहा किलो, नायलॉनचा साडेनऊ किलोच्या जवळ आणि पॉलिस्टरचा साडेअकरा किलोच्या पुढं भरतो. म्हणजे दोनशे फुटांना पीपी चार किलो लागेल, पॉलिस्टर सात किलो. किलोचा भाव विचारून ‘पॉलिस्टर थोडंच महाग’ असं वाटतं, पण फुटाचा हिशोब केला की फरक जवळपास पाऊणपटीनं वाढतो. भाव विचारायचा तो पूर्ण दोराचा.

याच आकड्यांचा दुसरा उपयोग भेसळ ओळखायला होतो. स्वस्त पीपी दोरात चुनखडीची भुकटी मिसळून वजन वाढवतात, जुनं प्लास्टिक वितळवूनही दोर ओढतात. १२ मिलिमीटरचा म्हणून घेतलेला पीपी दोर दोनशे फुटांना चार किलोऐवजी पाच-साडेपाच किलो भरला तर एक तर तो जाड आहे, नाहीतर त्यात माती कालवलेली आहे. असा धागा नखानं दुमडला की पांढरी रेघ पडते आणि दोन-चार वेळा वाकवला की तडकतो. वर सांगितलेले टनांचे आकडे अशा मालाला लागू नाहीत, हे ध्यानात ठेवावं.

दोन टनांचा दोर दोनशे किलोला

दोन टनांचा दोर आहे म्हणून दोन टन लटकवायचं नसतं. वजन उचलण्याच्या कामात दोर तुटतो त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंच वजन धरायची रीत आहे. हे घाबरटपणाचं गणित नाही. दोराला गाठ मारली की गाठीपाशी त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, कारण वळणाच्या बाहेरच्या बाजूचे धागे ताणले जातात आणि आतले रिकामे राहतात. दोन टनांचे इथंच एक टन राहिले. त्यात दोन उन्हाळ्यांचं ऊन, केसिंगच्या काठावरची घासाघीस, मोटारीचे झटके. उरलेल्यातून १७० किलो पेलायचे आहेत.

म्हणून तीन एचपीला दोनशे फुटांवर १२ मिलिमीटरपेक्षा बारीक दोर घेऊच नये. पाच एचपी किंवा तीनशे फुटांच्या पुढं १४ किंवा १६ मिलिमीटर. शक्य असेल तर पॉलिस्टर घ्यावं. पीपीच घ्यायचं असेल, आणि बऱ्याच जणांना तेच परवडतं, तर एक नंबर जाड घ्यावं, उन्हाला टिकणारं म्हणून बनवलेलं मागावं आणि दोन वर्षांनी बदलायची तयारी ठेवावी. एचडीपीईचा निळा-हिरवा चकचकीत दोर शेळ्या बांधायला, कुंपणाला, पाचटाच्या पेंढ्यांना ठीक आहे. मोटारीला तो लावू नये.

दोर पिळाचा घ्यावा की विणलेला, हाही प्रश्न येतो. तीन पदरी पिळाचा दोर वजन लागलं की पीळ सोडायला बघतो आणि टोकाची वस्तू फिरते. मोटार फिरली की केबल पाइपाभोवती गुंडाळली जाते, खडकाच्या कडेला सोलते आणि मग बोअर काढल्यावर केबलला ठिकठिकाणी टेप लावत बसावं लागतं. विणलेला गोल दोर फिरत नाही. तो महाग असतो आणि तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही, परभणीला किंवा आणखी पुढं विचारावं लागतं. पिळाचाच घेतला तर सोडण्याआधी तो शेतात लांब पसरून, एक टोक मोकळं ठेवून ओढून घ्यावा, म्हणजे बंडलाचा जादा पीळ निघून जातो. बंडलाच्या मधूनच उपसत सोडला तर पीळ बोअरमध्ये उलगडणार.

गाठ कुणी मारली

दोर चांगला आणि गाठ बेकार, असं फार वेळा होतं. सुती दोराला चालणारी गाठ प्लास्टिकच्या दोराला सटकते. मोटार सोडणाऱ्या टोळीतला जाणता माणूस डोळा करून, शेपूट मागून फिरवून परत आत घालतो. जहाजावर तिला बोलाईन म्हणतात. ती वजनानं आवळत जात नाही आणि काम झालं की सुटते. प्लास्टिकच्या दोराला तिचं शेपूट वीतभर ठेवून ते पुन्हा मुख्य दोराला दोन वेढे देऊन बांधावं. गाठ मारून झाली की दोन माणसांनी ओढून ती बसवावी, तशीच सैल बोअरमध्ये सोडू नये.

गाठीपेक्षा चांगली ती गुंफण. तीन पदर उकलून दोराच्याच पिळात एकाआड एक घालत चार-पाच फेऱ्या गुंफल्या तर ताकद दहा टक्क्यांच्या आसपासच कमी होते. वाखाचे दोर वळणाऱ्या जुन्या माणसांना हे डोळे झाकून यायचं. दोर वळायचा धंदा गेला तरी बोटांतली कला काही घरांत अजून आहे, त्यांना विचारायला लाजू नये, आणि मजुरी देऊन करून घ्यावं.

मोटारीच्या कानात लोखंडी पत्रा धारदार असतो. त्यातून दोर सरळ ओवला तर पत्रा करवतीसारखा चालतो. बाहेरच्या बाजूनं खोबण असलेली लोखंडी कडी मिळते, थिंबल म्हणून मागावी, ती डोळ्यात बसवून मग शॅकलनं मोटारीला जोडावं. वरच्या बाजूला केसिंगच्या काठाची धार कानशीनं घासून घ्यावी आणि तिथं जुन्या पाइपाचा तुकडा चिरून दोराखाली घालावा. आपल्याकडं वरच्या काळ्या मातीत आणि मुरमात केसिंग असते, खाली उघडा काळा पाषाण. तिथं दोर घासणारच. तो पाइपाला दर दहा-पंधरा फुटांवर बांधून घेतला तर झटक्यानं खडकावर आदळत नाही. बांधायला तार वापरू नये, केबल चिरते.

आणि मोटार वर घेताना केबल ओढायची नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी दोर हातात येईना की पहिला हात केबललाच जातो. आधी पेटीतला फ्यूज काढून खिशात टाकावा. ओला दोर वीज वाहून नेतो, प्लास्टिकचा आहे म्हणून त्याचा भरवसा धरू नये.

तारेचा दोर, ट्रॉलीचा दोर, झेंड्याचा दोर

काही जण प्लास्टिकचा नादच सोडून तारेचा दोर लावतात. तो ताणत नाही, उन्हानं मरत नाही. पण साधी तार दोन-तीन वर्षांत आतून गंजते, वरून ठीक दिसते. न गंजणाऱ्या स्टीलची बारीक तार चांगली, फक्त तिच्या क्लिपा नीट लावाव्या लागतात. क्लिपेचा वाकडा बोल्ट मेलेल्या शेपटावर आणि सपाट बूड वजन पेलणाऱ्या तारेवर, आणि अशा किमान तीन क्लिपा. उलट्या लावल्या तर तार चेपून तिथंच कमकुवत होते. तालुक्यात बघितलं तर निम्म्या क्लिपा उलट्याच दिसतील.

पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला, उसाची ट्रॉली फसली की घरात असेल तो दोर घेऊन लोक धावतात. तिथं खरं नायलॉन कामाचं, कारण ते हिसका पोटात घेतं. पण ताणलेलं नायलॉन तुटलं की चाबकासारखं मागं येतं, टोकाला शॅकल असेल तर गोळीसारखं. ओढताना दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये, पोरांना तर बांधावरच थांबवावं. बोअरचा वापरून झालेला पीपी दोर या कामाला कधीच काढू नये.

बैलाला मात्र प्लास्टिक नकोच. कासऱ्यानं हात कापतो आणि दाव्यानं मान.

शाळेच्या झेंड्याचा दोर ही तर होडीच्या हॅलयार्डची सख्खी बहीण. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि आपल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर, अशा दिवशी तो सगळ्यांसमोर परीक्षा देतो. वर्षभर खांबावर उन्हात ठेवलेला पीपीचा दोर कप्पीत अडकतो, धागे सुटून कप्पीच्या बाजूला घुसतात आणि मग कार्यक्रमाला गुरुजींची धांदल. आठ मिलिमीटरचा पांढरा, विणलेला पॉलिस्टर दोर एकदा घालून ठेवला आणि कार्यक्रम झाला की काढून कपाटात ठेवला तर पुष्कळ वर्षं पुरतो. खर्च एका हाराइतका.

दोर मेला हे कसं कळतं

उन्हानं मेलेला दोर तोडून बघायची गरज नसते. तळहातानं चोळला की पांढरी-हिरवी भुकटी हाताला लागते. रंग उडतो, वरचे धागे केसांसारखे उभे राहतात, दोर वाकवला की कुरकुरतो. पीळ उघडून आतला भाग बघावा. आत रंग ताजा आणि बाहेर फिका असेल तर ऊन किती खोल गेलंय ते दिसतं. बोअरच्या दोराचं वरचं दहा फूटच ऊन खातं, खालचं अंधारात असतं. म्हणून वर्षातून एकदा, मोटार काही कारणानं काढलीच तर, मेलेलं वरचं टोक कापून टाकावं. दोर घेताना पंधरा-वीस फूट जादा घ्यायचा तो याच्यासाठी. केसिंगच्या तोंडाशी दोरावर जुनं पोतं किंवा ट्यूब गुंडाळून ठेवली तरी बराच फरक पडतो.

दोर घातल्याची तारीख स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला खडूनं नको, रंगानं लिहून ठेवावी. कोणता दोर, किती मिलिमीटर, किती फुटांवर मोटार. बोअर काढायला आलेली टोळी सगळ्यात आधी हेच विचारते आणि घरातला प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

काढलेला जुना दोर गोठ्यात खुंटीला लटकवायची सवय सगळ्यांनाच. त्यातला धोका मोटारीपेक्षा मोठा आहे. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचा असतो, कुणीतरी खाली उतरतं, आणि कमरेला बांधायला खुंटीवरचा तोच दोर निघतो. माणसासाठी दोर वेगळा, नवा, जाड पाहिजे, त्याला मोटारीच्या कामाला कधी लावलेलं नसावं, आणि तो गाठीचा नव्हे तर पक्क्या पट्ट्याला जोडलेला असावा. वर किमान दोन माणसं आणि दोराचं दुसरं टोक झाडाला नाहीतर ट्रॅक्टरला बांधलेलं. बोअरमधून निघालेला जुना दोर त्याच दिवशी विळ्यानं हात-दीड हाताचे तुकडे करून टाकावा. तेवढे तुकडे वेली बांधायला, पोत्याची तोंडं बांधायला पुरतात, आणि सलग नसल्यानं विहिरीत कुणी नेत नाही.